एक वादक आणि त्याचे नगर

युरोप खंडाच्या नैर्ऋत्य टोकास स्पेन नावाचा देश आहे. त्याच्या ईशान्य भागात, भूमध्य समुद्राच्या काठी, कॅटलोनिया हा प्रांत वसलेला आहे. या प्रांताची भाषा निराळी, गाणी निराळी आणि सणवारही निराळे. बार्सिलोना हे त्याचे मुख्य नगर. गिरण्या, गोद्या आणि बाजारपेठा यांनी गजबजलेल्या या नगराला गाण्याबजावण्याची मोठी आवड. १८९१ साली तेथील गानप्रेमी मंडळींनी ‘ओर्फेओ कताला’ नावाचा गायनसमाज स्थापन केला. पुढे लोकांनी वर्गणी दिली आणि १९०८ साली या समाजाचे भव्य संगीतभवन उभे राहिले. ज्या नगरातील लोक आपल्या पदरच्या पैशांनी संगीताचे मंदिर बांधतात, तेथे संगीत केवळ करमणूक म्हणून राहत नाही. ते लोकजीवनाचा एक भाग होऊन जाते. म्हणूनच राज्यकर्ते बदलले की त्या नगराचे गाणेही बदलत असे; कधी ते फुलत असे, तर कधी त्याचा गळा दाबला जात असे. या साऱ्या उलथापालथीत ज्या एका वादकाचे आयुष्य त्या नगराशी बांधले गेले, त्या पाऊ कसाल्स यांची ही कथा आहे.

पाऊ यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजी कॅटलोनियातील वेंद्रेल या लहानशा गावी झाला. कॅटलान भाषेत ‘पाऊ’ हे माणसाचे नाव आहेच. शिवाय त्या शब्दाचा ‘शांतता’ असाही एक अर्थ आहे. त्यांचे वडील कार्लेस हे गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि गायकवृंदास शिकवीत. घरात पैसा बेताचाच. पण सुरांची मात्र चंगळ होती. लहानगा पाऊ बोलावयास लागला त्याच सुमारास गाऊ लागला आणि पाचव्या वर्षी चर्चच्या गायकवृंदात त्याला जागा मिळाली. पियानो, व्हायोलिन आणि ऑर्गन ही वाद्ये तो वडिलांजवळच शिकला.

एकदा गावात फिरत्या वादकांचा एक ताफा आला. त्यांच्यापैकी एकाने केरसुणीच्या दांड्यावर तार ताणून एक गमतीदार वाद्य बनविले होते. ते पाहून पाऊने वडिलांकडे तसल्याच वाद्याचा हट्ट धरला. वडिलांनी एक वाळलेला भोपळा घेतला, त्याला दांडी जोडली, तार बसविली आणि मुलाच्या हाती ते वाद्य दिले. आपल्याकडे मिरजेचे कारागीर भोपळ्यापासून तंबोरे घडवितात, हे तुम्हांस ठाऊक असेलच. दूरच्या वेंद्रेल गावातही एका गरीब पित्याच्या हातून भोपळ्याला असाच कंठ फुटला. पाऊ ते वाद्य रात्रंदिवस वाजवीत बसे.

तो अकरा वर्षांचा असताना बार्सिलोनाहून आलेल्या एका वादकाचे चेलोवादन त्याने ऐकले. चेलो हे व्हायोलिनच्या जातीचे, पण आकाराने कितीतरी मोठे असे वाद्य आहे. वादक खुर्चीवर बसून ते दोन्ही गुडघ्यांमध्ये धरतो आणि गजाने वाजवितो. त्याचा स्वर माणसाच्या आवाजासारखा भरदार आणि आर्त असतो. तो स्वर कानी पडताच पाऊला दुसरे काही सुचेना. वडिलांचा विचार मात्र वेगळा होता. संगीतावर पोट भरत नाही हे त्यांनी स्वतः अनुभविले होते. म्हणून मुलाने सुतारकाम शिकावे असे त्यांना वाटे. अशा वेळी आई पिलार ठामपणे मुलाच्या पाठीशी उभी राहिली. मुलाला ही देणगी मिळाली आहे, तेव्हा तिचा मार्ग मोकळा करणे हे आपले कर्तव्यच आहे, असे त्या माउलीचे मत होते. १८८८ साली ती त्याला घेऊन बार्सिलोनास गेली आणि तेथील नगरपालिकेच्या संगीतशाळेत तिने त्याचे नाव घातले.

त्या काळी चेलो शिकविण्याची रीत फार अवघडलेली होती. गज धरलेला हात अंगापासून दूर जाऊ नये म्हणून विद्यार्थ्याच्या काखेत पुस्तक दाबून धरावयास लावीत. पाऊला हे पटले नाही. हात आखडून ठेवल्यास स्वर मोकळा कसा होणार? त्याने आपल्या विचाराने हात मोकळा सोडला, बोटे ठेवण्याची नवी पद्धत बसविली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. खर्चाला हातभार म्हणून तो संध्याकाळी एका उपाहारगृहात वाजवीत असे. तेथील गिऱ्हाइकांना हलकीफुलकी गाणी हवी असत. परंतु आठवड्यातील एक दिवस अभिजात संगीतासाठी राखून ठेवावा, हे त्याने मालकाच्या गळी उतरविले. थोड्याच दिवसांत केवळ त्याला ऐकण्यासाठी दूरदूरचे लोक तेथे येऊ लागले.

१८९० साली वडिलांबरोबर एका जुन्या दुकानात स्वरलेखनाची पुस्तके चाळीत असता त्याच्या हाती एक विस्मृतीत गेलेले बाड आले. थोर जर्मन संगीतकार बाख यांनी एकट्या चेलोसाठी केलेल्या सहा रचना त्यात होत्या. लोक त्यांना केवळ हाताला वळण लावण्याचे धडे समजत. तेरा वर्षांच्या पाऊने त्यातील सौंदर्य ओळखले; पण ओळखले म्हणून तो लगेच रंगमंचावर गेला नाही. सुमारे बारा वर्षे त्याने त्या रचनांचा नित्य अभ्यास केला आणि मगच त्यांपैकी एक लोकांपुढे वाजविण्याचे धैर्य केले. आज जगातील सर्व चेलोवादक या रचनांना शिरोधार्य मानतात, याचे श्रेय या बारा वर्षांच्या तपश्चर्येस आहे.

पुढे माद्रिद येथे स्पेनची राजमाता मारिया क्रिस्तिना हिने त्याला विद्यावेतन दिले. पाऊ मनाने लोकसत्तेचा पुरस्कर्ता होता. तरीही राजमातेने केलेले साह्य तो जन्मभर कृतज्ञतेने स्मरत असे. १८९९ साली पॅरिस आणि लंडन येथे त्याचे कार्यक्रम झाले आणि तेथून त्याची कीर्ती चोहोकडे पसरली. देशोदेशींचे राजे आणि राष्ट्राध्यक्ष त्याचे वादन ऐकू लागले. भोपळ्याची तार छेडणारा वेंद्रेलचा पाऊ आता जगाचे पाऊ कसाल्स झाला होता.

मनात आणते तर ते पॅरिसला किंवा न्यूयॉर्कला सुखाने राहते. परंतु पहिले महायुद्ध संपल्यावर ते बार्सिलोनास परतले. नगरात उत्तम दर्जाचा कायमचा वाद्यवृंद नव्हता. वादकांना वेतन इतके अपुरे मिळे की पोटासाठी त्यांना इतर कामे करावी लागत. कसाल्स यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारावयाचे ठरविले. अनेक प्रतिष्ठितांनी त्यांना वेड्यात काढले. कसाल्स यांनी मात्र परदेशातील कार्यक्रमांतून मिळविलेला पैसा या कामात ओतला आणि वादकांना पोटभर वेतन दिले. १३ ऑक्टोबर १९२० रोजी ‘पाऊ कसाल्स वाद्यवृंदा’चा पहिला कार्यक्रम झाला. प्रारंभीची कित्येक वर्षे येणारी तूट त्यांनी स्वतः भरून काढली.

तरीही त्यांच्या मनाला एक गोष्ट बोचत होती. संगीतभवनात येणारे श्रोते बहुधा सुखवस्तू असत. गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्यांना तिकिटाचे दाम परवडत नसत. १९२६ साली कसाल्स यांनी ‘कामगार संगीत संघ’ स्थापन करविला. वर्षाला अगदी थोडी वर्गणी भरली की कोणाही कामगाराला सभासद होता येई. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी सबंध वाद्यवृंद वाजवीत असे आणि त्यांचे स्वतःचे नियतकालिकही निघे. आठवडाभर यंत्रांचा खडखडाट ऐकणारे हजारो कान त्या दिवशी बीथोव्हेन आणि बाख यांच्या रचना ऐकत. कसाल्स यांना या श्रोत्यांचा फार अभिमान वाटे. कारण संगीत ही मूठभरांची मालमत्ता नसून सर्वांची आहे, ही त्यांची श्रद्धा होती.

मात्र याच काळात राजकारणाचे वारे उलटे वाहू लागले होते. १९२३ साली सेनापती प्रिमो दे रिव्हेरा याने स्पेनची सत्ता आपल्या हाती घेतली. कॅटलोनियाचा ध्वज आणि भाषा यांवर बंधने आली. १९२५ च्या जून महिन्यात गायनसमाजाच्या सन्मानार्थ बार्सिलोनाच्या मैदानावर फुटबॉलचा सामना भरविण्यात आला होता. त्या वेळी स्पेनचे राष्ट्रगीत वाजू लागताच संतप्त प्रेक्षकांनी शिट्या वाजवून निषेध केला. सरकारने मैदान सहा महिने बंद ठेवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी गायनसमाजाच्या दारालाही काही महिने कुलूप लागले. गाणे आणि खेळ यांनाही सत्ता भिते, हे लोकांनी त्या वर्षी डोळ्यांनी पाहिले.

१९३० साली ही हुकूमशाही कोसळली. १४ एप्रिल १९३१ रोजी राजा देश सोडून गेला आणि स्पेनमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले. कॅटलोनियास आपला कारभार आपण पाहण्याचा अधिकार मिळाला. या आनंदोत्सवात कसाल्स यांनी बार्सिलोनात बीथोव्हेनची नववी सिंफनी सादर केली. या रचनेच्या अखेरीस मोठा गायकवृंद मानवाच्या बंधुभावाचे गान गातो. तेव्हा जमलेल्या लोकांना हे गान आपल्याच नव्या युगाचे वाटले. पुढील पाच वर्षे नगराचे संगीत बहरून आले. एप्रिल १९३६ मध्ये नव्या संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव बार्सिलोनात भरला. आल्बान बेर्ग या ऑस्ट्रियन संगीतकाराची व्हायोलिनसाठी केलेली अखेरची मोठी रचना तेथे जगात प्रथमच वाजली आणि ती वाजविताना साथीला कसाल्स यांचाच वाद्यवृंद होता.

मुलांनो, या बहराला अवघे तीन महिने आयुष्य उरले होते. १८ जुलै १९३६ रोजी संध्याकाळी संगीतभवनात पुन्हा त्याच नवव्या सिंफनीची तालीम चालू होती. दुसऱ्या दिवशी बार्सिलोनात लोकांच्या क्रीडामहोत्सवाचा प्रारंभ व्हावयाचा होता. तालीम अर्ध्याहून अधिक झाली असता एक निरोप्या धावत आला. सैन्याने प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले असून नगरावर केव्हाही हल्ला होईल, तरी सर्वांनी ताबडतोब घरी जावे, असा निरोप त्याने आणला. कसाल्स यांनी गायकवादकांकडे पाहिले. पुन्हा आपण सर्व जण केव्हा भेटू हे सांगता येत नाही. तर जाण्यापूर्वी ही रचना पुरी करावी काय, असे त्यांनी विचारले. सर्वांनी एकमुखाने होकार दिला. बाहेर रस्त्यांवर अडथळे रचले जात होते आणि आत बंधुभावाचे गान चालू होते. कसाल्स यांचे डोळे भरून आल्यामुळे त्यांना समोरची स्वरलिपी दिसेना. शांतता नांदू लागेल त्या दिवशी आपण हीच सिंफनी पुन्हा वाजवू, असे वचन देऊन त्यांनी सर्वांचा निरोप घेतला.

स्पेनमध्ये जवळजवळ तीन वर्षे यादवी युद्ध चालले. बंडखोरांचा पुढारी होता सेनापती फ्रँको. युद्धात दोन्ही बाजूंनी अत्याचार झाले. प्रजासत्ताकाचा पक्ष घेणाऱ्या काही उन्मत्त टोळ्यांनी बार्सिलोनात चर्चे जाळली, निरपराधांना ठार केले. कसाल्स यांनी या कृत्यांचाही धिक्कार केला. आपल्या बाजूचे म्हणून त्यांवर पांघरूण घातले नाही. आपला मुक्काम मात्र त्यांनी हलविला नाही. परदेशी जाऊन ते कार्यक्रम करीत आणि मिळालेला पैसा अन्नवस्त्र व औषधे यांसाठी मायदेशी आणीत. १९ ऑक्टोबर १९३८ रोजी बार्सिलोनाच्या मोठ्या नाट्यगृहात त्यांनी मुलांच्या मदतीसाठी वादन केले. मध्यंतरात नभोवाणीवरून त्यांनी जगातील लोकशाही राष्ट्रांना साह्याची कळकळीची विनंती केली. साह्य आले नाही. २६ जानेवारी १९३९ रोजी फ्रँकोच्या सैन्याने बार्सिलोना जिंकले.

चार लाखांहून अधिक माणसे, त्यांत म्हातारीकोतारी आणि कडेवरची मुले, भर हिवाळ्यात पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये गेली. समुद्रकाठच्या वाळूत काटेरी तारांच्या कुंपणाआड त्यांना ठेवण्यात आले. कसाल्सही परागंदा झाले आणि फ्रान्सच्या हद्दीतील प्राद नावाच्या डोंगराळ गावी राहू लागले. छावण्यांतील लोकांचे हाल पाहून त्यांनी चेलो बाजूस ठेवला आणि लेखणी उचलली. जगभरच्या मित्रांना त्यांनी स्वहस्ते शेकडो पत्रे लिहिली, पैसा व कपडे मागविले आणि ते छावण्यांतून वाटले. पुढे फ्रान्सवर जर्मनांचा अंमल बसला. हिटलरच्या राज्यात येऊन वादन करावे म्हणून जर्मन अधिकारी त्यांच्याकडे आले. घरात पुरेसे अन्न नव्हते, सरपण नव्हते. तरीही कसाल्स यांनी त्यांना नकार दिला.

इकडे बार्सिलोनात काय चालले होते? कॅटलान भाषेला शाळेत, कचेरीत आणि सभेत मज्जाव झाला. गायनसमाजाचा आवाज कित्येक वर्षे बंद राहिला. कसाल्स यांचा वाद्यवृंद तर पार विखुरला. कोणी परदेशी गेले, कोणी हलाखीत दिवस काढू लागले. नगरातील एका रस्त्याला कसाल्स यांचे नाव दिले होते. ते पुसून तेथे फ्रँकोच्या एका सेनापतीचे नाव लावण्यात आले. १९४४ साली नगरपालिकेने नवा वाद्यवृंद काढला. एदुआर्द तोल्द्रा या गुणी संगीतकाराने तो नेटाने सांभाळला आणि नगरातील संगीत अगदीच निमू दिले नाही. कसाल्स यांच्याप्रमाणे देश सोडणारे जसे होते, तसे देशात राहून दिवा तेवत ठेवणारेही होते, हे विसरता कामा नये.

१९४५ साली हिटलरचा पाडाव झाला. आता फ्रँकोही जाणार, अशी कसाल्स यांची खात्री होती. ते इंग्लंडला गेले, तेथे त्यांचे अपूर्व स्वागत झाले. परंतु इंग्लंडचे सरकार फ्रँकोविरुद्ध काही करणार नाही, असे त्यांना लवकरच कळून चुकले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांनी देऊ केलेल्या सन्माननीय पदव्या त्यांनी नाकारल्या. जे देश फ्रँकोच्या सत्तेस मान्यता देतात तेथे आपण वाजविणार नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि प्राद येथे ते मौन धरून राहिले. आपल्या देशात असहकार हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. कसाल्स यांचे मौन हे एका वादकाचे असहकाराचे शस्त्र होते. या शस्त्राची धार त्यांनाच अधिक लागली. कलावंताला श्रोत्यांपासून दूर राहणे किती जड जात असेल! अनेक स्नेह्यांना हा हट्ट वाटला, संगीताने राजकारणात का पडावे असे त्यांनी विचारले. कसाल्स यांची भूमिका अशी की कलावंत हा आधी माणूस आहे आणि माणसाला जी कर्तव्ये आहेत त्यांतून कलावंताची सुटका नाही.

१९५० साली बाख यांच्या मृत्यूस दोनशे वर्षे पूर्ण झाली. कसाल्स जगाकडे जाईनात, तेव्हा जगभरचे वादक त्यांच्याकडे गेले. प्रादच्या चर्चमध्ये बाखमहोत्सव भरला आणि त्या लहान गावात दूरदूरचे श्रोते गोळा झाले. बाख यांच्यासाठी कसाल्स यांनी चेलो पुन्हा हाती घेतला. पुढे ते आईच्या जन्मभूमीत, म्हणजे कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर, जाऊन राहिले. १९५७ पासून तेथे त्यांच्या नावाचा संगीतमहोत्सव सुरू झाला; त्यापाठोपाठ वाद्यवृंद आणि संगीतशाळाही निघाली. एका नगराने जे गमावले ते दूरच्या दुसऱ्या नगरास लाभले. १९५८ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात त्यांनी वादन केले. ती जागा कोणा एका देशाची नसून सर्व मानवजातीची होती. १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या निमंत्रणावरून त्यांनी व्हाइट हाउसमध्ये वादन केले. अमेरिकेने फ्रँकोस मान्यता दिलेली होती. तेव्हा येथे त्यांनी आपल्या व्रतास मुरड घातली. केनेडी यांच्याकडून जगात न्याय आणि शांतता यांना बळ मिळेल, अशी आशा त्यांना वाटत होती.

बार्सिलोनाचे गाणेही मेले नव्हते. १९ मे १९६० रोजी त्याच जुन्या संगीतभवनात एक कार्यक्रम होता. गायनसमाजाचे ध्वजगीत गाण्यास सरकारने मनाई केली होती. तेव्हा श्रोत्यांतीलच काही जण उठून उभे राहिले आणि त्यांनी ते गीत स्वतःच गायिले. पोलिसांनी अनेकांना पकडले, मारहाण केली. परंतु गीत गाऊन झालेले होते.

२४ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांनी कसाल्स यांस शांततेचे पदक दिले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याण्णव वर्षांचे होते. कापऱ्या हातांनी त्यांनी आपल्या प्रांतातील ‘पक्ष्यांचे गाणे’ ही जुनी लोकधून चेलोवर वाजविली. परागंदा झाल्यापासून आपल्या कार्यक्रमांत ही धून वाजविण्याचा त्यांचा परिपाठच होता. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी पोर्तो रिको येथे त्यांचे देहावसान झाले. फ्रँकोचा मृत्यू त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली झाला. स्वातंत्र्य आलेले पाहण्याचे भाग्य कसाल्स यांना लाभले नाही आणि १८ जुलैच्या संध्याकाळी आपल्या वादकांना दिलेले वचन पुरे करण्याची संधीही त्यांना मिळाली नाही.

कॅटलोनियाचा कारभार पुन्हा लोकांच्या हाती आल्यानंतर, १९७९ साली त्यांचे अवशेष वेंद्रेल येथे आणण्यात आले. बार्सिलोनाच्या रस्त्याला त्यांचे नाव परत मिळाले. १९९९ साली नगरात नवे संगीतगृह उघडले, त्यातील सर्वांत मोठ्या सभागृहास पाऊ कसाल्स यांचे नाव देण्यात आले. पाट्या पुसता येतात, वाद्यवृंद मोडता येतात, गाण्यावर बंदी घालता येते; परंतु लोकांनी जे एकदा मनापासून आपले मानले, ते कोणत्याही हुकुमाने नाहीसे होत नाही.

वेंद्रेलजवळ समुद्रकिनारी कसाल्स यांनी बांधलेले घर आज संग्रहालय म्हणून जपले आहे. त्यांच्या मानसन्मानाच्या वस्तूंबरोबर तेथे एक वाळलेला भोपळाही ठेवलेला आहे. त्याला दांडी आहे आणि तार आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पित्याने आपल्या मुलासाठी तयार केलेले हे पहिले वाद्य होय.